त्या मुलाला आत दिवसभर काय करायला लावता? मुंबईच्या 36 आमदारांना खुलं पत्र

मुंबई शहर आणि उपनगरांतून विधानसभेवर निवडून गेलेल्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

शहरात एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून खून झाला, बलात्कार झाला, की दोन दिवसांत तुमच्यापैकी कुणाचं तरी विधान येतं. अल्पवयीन मानायच्या वयाची मर्यादा 16 करा, 14 करा, कायदा कडक करा. सत्ताधारी म्हणतात, विरोधकही म्हणतात. त्यामागचा संताप मला परका नाही. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात मी बसलेली आहे, आणि ज्याने मारलं त्याच्या घरातही. माझी नोकरीच ती होती. मी मुंबईत परिवीक्षा अधिकारी होते. मुलाच्या घरी जायचं, आईबापांशी, शेजाऱ्यांशी, शाळेतल्या बाईंशी बोलायचं, सामाजिक तपास अहवाल लिहायचा आणि अठराखालच्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे उभं राहायचं. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे.

आधी कायद्याबद्दल, कारण भाषणांमध्ये अजूनही ‘तीन वर्षांत सुटतो’ हेच ऐकू येतं. ती गोष्ट 2000 च्या बाल न्याय कायद्याची. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात सहा आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी होता. तो तीन वर्षांनी, 20 डिसेंबर 2015 ला बाहेर आला आणि दोन दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. 15 जानेवारी 2016 पासून तो लागू आहे. त्यानुसार, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो करताना मुलगा 16 ते 18 वयाचा असेल, तर मंडळ त्याचं प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे त्याची क्षमता आणि समज तपासतं, आणि त्याला बाल न्यायालयात पाठवू शकतं. तिथे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो, शिक्षाही मोठी होऊ शकते. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. एवढी दोनच दारं बंद ठेवली आहेत. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं, मग तो किती बदलला हे न्यायालयाने तपासायचं, आणि उरलेली शिक्षा तुरुंगात भोगायला लावायची की देखरेखीखाली सोडायचं ते ठरवायचं.

म्हणजे कडक कायदा तुमच्याकडे गेली दहा वर्षं आहे. ‘अल्पवयीन म्हणून खोटं सांगून सुटतात’ ही भीतीही मी ऐकते. ऑक्टोबर 2024 मध्ये वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली, तेव्हा पकडलेल्यांपैकी एकाने आपण 17 वर्षांचे असल्याचं न्यायालयाला सांगितलं होतं. न्यायालयाने हाडांची चाचणी करवली आणि दावा टिकला नाही. ती वाट कायद्याने घालून दिली आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी.

मग अडतंय कुठे? ते मला एका बापाने दाखवलं.

पूर्व उपनगरातली घटना. मोबाईलवरच्या स्टेटसवरून दोन पोरांच्या टोळक्यांत बाचाबाची झाली, रात्री कुणीतरी चॉपर आणला आणि एक मुलगा जागीच गेला. मारणारा सतरा वर्षांचा, मरणारा त्याच्याहून थोडा मोठा. गेलेल्या मुलाचे वडील टेम्पो चालवायचे. मंडळाच्या तारखांना त्यांना कुणी बोलावत नसे, तरी ते येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. एकदा त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “मॅडम, फाशी-बिशी मला काय कळत नाय. तो आत दिवसभर करतो काय?”

मी सांगितलं: शिक्षण, समुपदेशन, व्यवसाय प्रशिक्षण. हे शब्द कागदावर खरे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझ्या पोराचं नाव तरी त्याच्यासमोर कोण घेतं का?”

कुणी घेत नव्हतं. मुलगा ज्या गृहात होता तिथला दिवस मला पाठ होता. सकाळी प्रार्थना, नाश्ता, साफसफाई. शिक्षक आले तर वर्ग, नाही आले तर टीव्ही. जेवण, झोप, कॅरम, पुन्हा जेवण. शिवणकामाची यंत्रं होती, पण शिकवणाऱ्याचं मानधन थकलं म्हणून तो येत नव्हता. समुपदेशकाच्या वाट्याला इतकी मुलं होती की एकेकाशी महिन्यातून एखादवेळी बोलणं व्हायचं, तेही ‘घरची आठवण येते का, जेवण बरं आहे का’ इतपत. त्या मुलाने एक माणूस मारला होता, आणि कित्येक महिने त्या विषयावर त्याच्याशी कुणीही एक वाक्य बोललं नव्हतं.

याला फक्त हलगर्जीपणा म्हणून भागणार नाही. चौकशी चालू असेपर्यंत वकील मुलाला सांगतात, काही बोलू नकोस. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. तो जे बोलेल ते मूल्यांकनाच्या अहवालात गेलं तर त्याच्या अंगावर येऊ शकतं. ज्या मानसशास्त्रज्ञाने त्याला धीर द्यायचा, तिलाच पुष्कळदा त्याची क्षमता मोजून मंडळाला कळवायलाही सांगतात. मुलं हे फार लवकर ओळखतात. ती गप्प होतात, किंवा जे ऐकायचं आहे ते सांगायला शिकतात. मूल्यांकन करणारी व्यक्ती वेगळी आणि समुपदेशन करणारी वेगळी असली पाहिजे, आणि समुपदेशनातलं बोलणं कोणत्याही न्यायालयात वापरलं जाणार नाही याची लेखी हमी मुलाला मिळाली पाहिजे. राज्याच्या नियमांमध्ये ही एवढी दुरुस्ती झाली, तरी वय 14 वर आणून जे साधणार नाही ते साधेल.

माझी आणि तुमच्यातल्या अनेकांची ‘कडक’ या शब्दाची कल्पना वेगळी आहे, ती सांगते. मी मऊ बाई नाही. काही मुलांना सोडू नये असं मी माझ्या अहवालात लिहिलेलं आहे आणि मंडळापुढे त्यावर ठाम राहिले आहे. पण चार भिंतींत झोपून काढलेली तीन वर्षं मला कडक वाटत नाहीत. आपण कुणाला मारलं, तो कोण होता, त्याच्या घरात आता कोण उरलंय, त्या रात्री आपण कोणत्या क्षणी मागे फिरू शकलो असतो, हे एका प्रशिक्षित माणसासमोर बसून आठवड्यामागून आठवडे बोलावं लागणं, हे कडक आहे. मोठमोठी पोरं त्याला घाबरतात. मी पाहिलंय, मारामारीच्या गोष्टी छाती काढून सांगणारा मुलगा ‘त्याच्या आईचं नाव काय होतं’ एवढ्या प्रश्नावर उठून निघून जातो. तो परत येऊन बसेपर्यंत थांबणारं माणूस पगारावर ठेवावं लागतं. ते आपण ठेवत नाही.

प्राथमिक मूल्यांकनाचंही तेच. कायदा चार गोष्टी तपासायला सांगतो: मुलाची मानसिक क्षमता, शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. 2017 मध्ये गुरुग्रामच्या शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की हे काम नाजूक आहे, आणि मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय होतं? मुलाला एखाद्या सकाळी पोलीस बंदोबस्तात सरकारी रुग्णालयात नेतात. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टर त्याच्याशी तासभर बोलतात, बुद्ध्यांकाची चाचणी लावतात आणि ‘परिणाम समजण्यास सक्षम’ असं एका ओळीत लिहून मिळतं. चॉपर मारला की माणूस मरतो हे सात वर्षांच्या मुलालाही सांगता येतं. चार मित्र बघत असताना, रागात, त्या क्षणी ते ज्ञान हाताला थांबवू शकतं का, हा प्रश्न आहे, आणि तो त्या एका ओळीत कुठेच नसतो.

आता वयाबद्दल. भारतीय न्याय संहितेत आजही सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा नाही, आणि सात ते बारा वयात मुलाची समज पाहायची असते. बाराच्या पुढचं मूल बाल न्याय मंडळापुढे उभं राहतंच. कुणीही ‘मोकळं’ नाही. 2012 च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने संतापाच्या ऐन भरात विचार करूनही वय खाली आणण्याची शिफारस केली नव्हती. मुलांना मोठ्यांच्या व्यवस्थेत ढकलण्याचा प्रयोग अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर केला. तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या तज्ज्ञगटाने 2007 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की अशी मुलं पुढे हिंसक गुन्हे कमी नव्हे तर जास्त करतात. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. चौदा वर्षांच्या पोराला भाईगिरी शिकवायला तुरुंगासारखी जागा नाही.

आणि भाईगिरी शिकवणाऱ्यांबद्दल तुम्ही सभागृहात का बोलत नाही? पोरांच्या हातात हत्यार आपोआप येत नाही. ‘तू लहान आहेस, तुला काय होत नाय, तू घे अंगावर’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की ते वस्त्यांमध्ये धड्यासारखं शिकवलं जातं असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 83 आहे: टोळीसाठी किंवा बेकायदा कामासाठी मुलाला वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम 95 आहे: गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावलं तर किमान तीन आणि कमाल दहा वर्षं. तुमच्या मतदारसंघातल्या पोलीस ठाण्यांनी गेल्या वर्षभरात या दोन कलमांखाली किती आरोपपत्रं दाखल केली, एवढं विचारून बघा. पोरगं पकडलं की तपास संपला, असं होता कामा नये. त्याच्या मागे उभा असलेला पंचविशीचा, तिशीचा माणूस पुढचं पोरगं शोधायला मोकळा राहतो.

मे 2024 मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि सतरा वर्षांच्या चालकाला काही तासांत जामीन मिळाला, 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. त्या निबंधाने या व्यवस्थेवरचा लोकांचा विश्वास जितका घालवला तितका कोणत्याही टीकेने घालवला नसेल. मलाही तो आदेश वाचून लाज वाटली. पण त्या प्रकरणात पुढे काय बाहेर आलं ते आठवा. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. तिथे दुखणं वयाचं नव्हतं, पैशाचं होतं. वयाची मर्यादा खाली आणली तर पैसेवाल्याचा मुलगा तेव्हाही वकील उभा करेल. आत जाईल तो गोवंडीचा, मालवणीचा, धारावीचा.

हे मी हवेत बोलत नाही. बाल न्याय कायद्यातलं जामिनाचं कलम 12 म्हणतं की मुलाला सोडणं हा नियम, आणि तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं वाटलं तर अपवाद. या अपवादाखाली वस्तीच आरोपी होते. ‘परिसर गुन्हेगारी प्रवृत्तीचा आहे’ असं लिहिलं की संपलं. त्याच्या आईला तारखेला यायचं तर धुण्याभांड्याच्या चार घरांचा खाडा होतो. ती दोनदा आली नाही की ‘पालक लक्ष देत नाहीत’ अशी नोंद होते. असे शेरे मी वाचले आहेत, आणि ते खोडायला मंडळापुढे भांडलेही आहे.

या विषयात मुंबईला मागे राहण्याचा हक्क नाही. 1882 मध्ये टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, त्याच उमरखाडीच्या आवारात आज मुलांचं निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंत मुलांना ठेवायची जागा, आहे. मुलांना मोठ्यांपासून वेगळं वागवायचा मुंबई प्रांताचा कायदा 1924 चा, आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 पासून आहे. तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पत्रकार शीला बरसे याच शहरातल्या. 1986 मध्ये त्यांच्या याचिकेवर न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर त्याच वर्षी देशाला पहिला एकसमान बाल न्याय कायदा मिळाला. ज्या शहराने हा विचार इतक्या लवकर केला, त्याचे प्रतिनिधी आज फक्त वयाच्या आकड्यावर बोलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. मुलाची ओळख उघड करायची नाही, हे कलम 74 योग्यच आहे. पण त्याच्या आड पीडित कुटुंबाला काहीच न सांगण्याची सवय लागली आहे. मुलगा कुठे आहे, जामीन झाला का, मूल्यांकन कधी आहे, तो सुटून पुन्हा याच गल्लीत येणार आहे का. हे त्यांना चहाच्या टपरीवर कळतं. सुटकेआधी त्या कुटुंबाला कुणीतरी घरी जाऊन सांगितलं पाहिजे. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, हे पहिल्या आठवड्यात कळलं पाहिजे. आणि मुलाच्या सुधारणेच्या आराखड्यात त्या कुटुंबाचं म्हणणं लिहायला एक रकाना असला पाहिजे. त्या टेम्पोवाल्या बापाला सूड नको होता. त्याच्या मुलाचा मृत्यू आतमध्ये मोजला जातोय की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

सुटल्यानंतरचं थोडक्यात. कलम 24 सांगतं की मंडळाकडे निकाली निघालेल्या प्रकरणाचा डाग मुलाला पुढे लागू नये. पण सुटून आलेला मुलगा डिलिव्हरीच्या नोकरीला गेला की पोलीस पडताळणी आडवी येते, आणि परिसरात काहीही घडलं की रात्री दार त्याचंच वाजतं. अनुरक्षणाची, म्हणजे सुटल्यानंतर राहायला जागा आणि हाताला काम देण्याची तरतूद आहे. ती मिळालेली मुलं मी फार थोडी पाहिली. बहुतेक जण जिथून आले तिथेच जातात, त्याच नाक्यावर, आणि तो पंचविशीचा माणूस तिथे असतोच.

आता तुमच्याकडे माझं मागणं. वयाची मर्यादा संसदेच्या कायद्याने ठरलेली आहे. राज्याने दुरुस्ती केली तरी राष्ट्रपतींची संमती लागेल. मात्र निरीक्षणगृहं, विशेष गृहं, सुरक्षित ठिकाणं, परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, त्यांचे पगार आणि राज्याचे नियम हे सगळं मंत्रालयाच्या हातात आहे, आणि मंत्रालयाला जाब विचारणं तुमच्या हातात. विधिमंडळाची महिला व बालकांचे हक्क व कल्याण समिती आहे. तिचा दौरा या गृहांमध्ये आगाऊ न कळवता न्या, दुपारी तीनच्या सुमाराला, आणि मुलं त्या वेळी काय करत आहेत ते डोळ्यांनी बघा.

आणि येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न लावा. मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत परिवीक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि एका अधिकाऱ्याकडे आज किती मुलं आहेत? निर्घृण, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेच्या, गुन्ह्यांच्या प्राथमिक मूल्यांकनाला कायद्याने तीन महिने दिले आहेत. त्याहून जुनी किती प्रकरणं पडून आहेत? मूल्यांकन करणारे आणि समुपदेशन करणारे वेगळे आहेत का? 16 ते 21 वयाच्या मुलांसाठी राज्यात सुरक्षित ठिकाणं कोणती, आणि तिथे पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ किती? कलम 83 आणि कलम 95 खाली मुंबईत किती प्रौढांवर आरोपपत्र दाखल झालं? गेल्या तीन वर्षांत सुटलेल्या किती मुलांना अनुरक्षण मिळालं?

महिला व बालविकास खात्याकडून ‘माहिती घेण्यात येत आहे’ असं उत्तर आलं, तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा लावा.

आपली,
एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी
लालबाग, मुंबई